बिनगावाची बातमी

मराठी बातम्यांच्या संकेतस्थळांवर सध्या एका दर्शक सर्वनामाचे राज्य आहे. ‘या’ जिल्ह्यात पावसाचा हाहाकार, ‘या’ बड्या नेत्याचा पक्षाला रामराम, ‘या’ शेतमालाला विक्रमी भाव. एकेरी अवतरणात उभा केलेला हा ‘या’ कोण, हे मथळा सांगत नाही. न सांगण्यासाठीच तो लिहिलेला असतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनमध्ये मोबाइलवर बातमी उघडणाऱ्याने जिल्हा जालना की कोल्हापूर हे कळण्यासाठी आधी अख्खा पडदा व्यापणारी जाहिरात बंद करायची, मग ‘राज्यात पावसाने जोर धरला आहे’ असले कोणत्याही वर्षी खरे ठरणारे वाक्य वाचायचे, ‘हेही वाचा’ची पट्टी ओलांडायची आणि चौथ्या परिच्छेदात जिल्हा दुसराच निघाला की मुकाट परत फिरायचे. या प्रकारावर मराठीत पुष्कळ लिहून झाले आहे. पण बहुतेकांची तक्रार सवंगपणाची, भडक रंगांची, आरड्याओरड्याची. निदान तिथेच चुकले. आपल्या वृत्तपत्रांना ओरडणे कधी वर्ज्य नव्हते. नवे आहे ते लपवणे, आणि ते भाषेतून होते तेवढेच पानाच्या रचनेतूनही होते.

नीळकंठ खाडिलकरांचा ‘नवाकाळ’ काय कुजबुजत असे? १९८८ पासून शिवसेनेचे मुखपत्र म्हणून निघालेल्या ‘सामना’च्या अग्रलेखांची भाषा पहिल्या दिवसापासून सभेतली होती. ती कुणाला रुचली, कुणाला नाही. पण अंक हातात घेणाऱ्याला बोलतो कोण, कुणावर बोलतो आणि कोणत्या घटनेवर, हे मथळ्यातच कळत असे. आजच्या संकेतस्थळांनी त्या परंपरेतून टोला, घणाघात, हल्लाबोल, भूकंप ही शब्दसंपत्ती तेवढी उचलली. अमक्याचा तमक्याला सणसणीत टोला. नेमके काय म्हणाले? जे म्हणाले तेच बातमी असते, आणि नेमके तेच मथळ्याबाहेर ठेवलेले असते. जुना मथळा ओरडून सांगे, नवा ओरडून गप्प बसतो. त्यामुळे सूर जरा खाली आणा, लाल पट्ट्या कमी करा, असले सभ्य सल्ले देऊन काही साधणार नाही. सभ्य सुरातही लपवता येते.

दृश्य बाजूपुरते बोलायचे तर मराठीकडे आता सबब उरलेली नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी दैनिकांची संकेतस्थळे आपापला फॉन्ट उतरवून घ्यायला लावत. तो नसला की पडद्यावर नुसता चिन्हांचा कचरा. युनिकोडने तो प्रश्न सोडवला. र. कृ. जोशींनी आखलेले ‘मंगल’ विंडोजसोबत घरोघरी पोचले, ‘एक टाइप’चे ‘मुक्त’ कुणालाही फुकट वापरता येते, आणि लहान पडद्यावरही जोडाक्षरे स्वच्छ दिसतात. अक्षर सुधारले, पण त्याला पडद्यावर जागा उरली नाही. वरून तरंगणारा व्हिडिओ, खाली चिकटलेली जाहिरात, मध्ये ‘सूचना चालू करा’चा तगादा; यांच्या फटीतून जो मजकूर दिसतो त्याला आपण बातमीचे पान म्हणतो.

राजकीय पक्षांच्या संकेतस्थळांची समीक्षा थोडक्यात उरकता येते: त्या लग्नपत्रिका आहेत. वर दैवत, खाली मानाच्या उतरत्या क्रमाने फोटो, शेवटी आग्रहाचे निमंत्रण म्हणून सदस्यत्वाचा अर्ज. उमेदवारांची संकेतस्थळे निवडणुकीपुरती उगवतात आणि निकालानंतर तिकडे कुणी फिरकत नाही. तरीही त्यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. चिन्ह माथ्यावर असते. कमळ छापलेल्या पानावर कमळाची स्तुती असणार हे धरूनच वाचक ते वाचतो. बाजू उघड ठेवून वाचण्याजोगा मजकूर देता येतो हे ‘प्रबुद्ध भारत’सारखे उदाहरणही दाखवते. डॉ. आंबेडकरांच्या ‘जनता’चे नामांतर होऊन १९५६ साली निघालेले हे नाव आज वंचितांच्या राजकारणाची बाजू घेते आणि ती घेताना आडपडदा ठेवत नाही. म्हणजे ज्यांच्याकडून लपवाछपवीची अपेक्षा करावी ते पक्ष आपली ओळख मिरवतात, आणि ज्यांचा धंदाच उघड करण्याचा ते ‘वेब टीम’ नावाच्या माणसाकडून बातम्या लिहून घेतात.

माझा सारा पक्षपात ज्या पानांकडे आहे त्यांना कुणी सुंदर म्हणणार नाही. ४ जून २०२४ रोजी निवडणूक आयोगाच्या निकालांच्या संकेतस्थळावर जालना मतदारसंघाचे पान आठवून पाहावे. उमेदवारांची यादी, प्रत्येकासमोर यंत्रातली मते, टपाली मते, बेरीज, टक्केवारी, तळाशी शेवटची नोंद कधी झाली ती वेळ आणि तारीख. मराठीत काही नाही, हा त्याचा मोठा दोष. पण १९९९ पासून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याकडून लाखाहून अधिक मतांनी हरले, ही घटना त्या पानाने एकही विशेषण न खर्चता सांगितली. शिवाय तिसऱ्या ओळीत अपक्ष मंगेश साबळे यांच्यापुढे दीड लाखाहून अधिक मते होती, म्हणजे विजयाच्या फरकाहूनही जास्त. ‘बालेकिल्ल्याला सुरुंग’, ‘दिग्गजाला धक्का’ या मथळ्यांत दोनच माणसे मावतात; सुरुंग लावणारा आणि सुरुंग लागलेला. भोकरदन, सिल्लोड, फुलंब्री, पैठण अशा सहा विधानसभा क्षेत्रांतल्या मतदारांनी तिसरेच काहीतरी केले होते, आणि ते कळायला त्या कोरड्या तक्त्याची तिसरी ओळ पुरेशी होती. निकालाचे राजकीय वाचन तिथून सुरू व्हायला हवे होते.

दुसरे उदाहरण पणन मंडळाच्या बाजारभावाच्या पानाचे. शेतमाल, जात, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. रचनाकार नावाच्या प्राण्याचा हात त्या पानाला लागला असेल असे वाटत नाही. भोकरदन बाजार समितीच्या पिंपळगाव रेणुकाईची नोंद तिथे ‘पिपळगाव रेणू’ अशी पडते. अनुस्वार गेला, अर्धे गाव कापले गेले. तरी गाव आहे, तारीख आहे, आवक आहे. आता याच माहितीवर बेतलेली ‘शेतकऱ्यांसाठी आनंदाची बातमी! ‘या’ बाजारात मिळाला सर्वाधिक दर’ ही बातमी घ्या. सर्वाधिक दर एखाद्या प्रतवारीच्या मूठभर मालाला मिळालेला असू शकतो. आवक किती आणि सर्वसाधारण दर किती हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. मका टेम्पोत भरायचा की घरात ठेवायचा हे ठरवणाऱ्याला सर्वसाधारण दराची ओळ लागते. मथळ्यातला उच्चांक त्याला चुकीच्या दिवशी बाजारात नेतो. एका पानाला शुद्धलेखन येत नाही, दुसऱ्याला सगळे येते. विश्वास मात्र पहिल्यावरच ठेवावा लागतो.

तक्ता म्हणजे पत्रकारिता नव्हे, हे खरेच. म्हणून गद्य लिहिणाऱ्यांकडे वळू. राम जगतापांचे ‘अक्षरनामा’ उघडले की ‘पडघम’ आणि त्यापुढे ‘राज्यकारण’ की ‘देशकारण’ हे दिसते, लेखकाचे नाव दिसते, तारीख दिसते. ती तारीख इंग्रजीत पडावी हा गबाळेपणा. पण ती आहे. साधना परिवाराचे ‘कर्तव्य साधना’ याच जातकुळीचे. २०१७ साली आलेल्या ‘बीबीसी मराठी’ने मराठीत प्रश्नार्थक मथळ्यांची साथ पसरवायला हातभार लावला, तरी बातमी कुणी लिहिली हे सांगण्याची शिस्त बऱ्याच अंशी पाळली. ‘लोकसत्ता’चे ‘विश्लेषण’ मथळ्यात प्रश्न विचारते आणि मजकुरात त्याचे मुद्देसूद उत्तर देते, एवढी साधी नीतीही आता दखलपात्र ठरावी अशी वेळ आली आहे. लहान उभ्या व्हिडिओंवर चालणाऱ्या अॅपांबद्दल इतकेच म्हणतो की तिथे रचना आणि सूर असे दोन प्रश्नच उरत नाहीत. फक्त आवाज उरतो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. वाचक फुकट वाचतो, जाहिरातीचा दर पान किती वेळा उघडले यावर ठरतो, मग मथळा झाकून ठेवला तर बिघडले कुठे? पण जाहिराती छापील अंकातही होत्या आणि त्यांनी कधी मथळ्यातून गावाचे नाव काढायला लावले नाही. फसवून उघडायला लावलेल्या पानावर वाचक टिकत नाही. सवय लागते ती मथळा वाचून पुढे जाण्याची, आणि मग पुढचा मथळा आणखी झाकावा लागतो. दुसरा आक्षेप, लोकांना हेच हवे. लोकांना आपल्या गावाचे नाव हवे असते, म्हणून तर जिल्ह्याजिल्ह्यांच्या पुरवण्या निघाल्या आणि खपल्या. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: तालुक्याचा वार्ताहर जाहिरातींच्या टक्केवारीवर जगतो, त्याच्याकडून कोणत्या शिस्तीची अपेक्षा करणार? पण शिस्त सोडली ती त्याने नाही. त्याची बातमी आजही ‘भोकरदन :’ अशीच सुरू होते. तिचे गाव पुसले जाते ते मुंबई-पुण्याच्या वातानुकूलित कक्षात, जिथे ती शोधयंत्राला आवडेल अशी पुन्हा लिहिली जाते, आणि ज्याने पायपीट केली त्याच्या नावाऐवजी समूहाचे नाव चढते. राजूरच्या गणपतीला जमलेली अंगारकीची गर्दी पाहिली एकाने, लिहिली दुसऱ्याने, आणि जबाबदार कुणीच नाही.

इथे कायद्याचाही दाखला आहे. १८६७ च्या मुद्रण कायद्याखाली प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे छापणे सक्तीचे होते; मार्च २०२४ पासून त्याची जागा नव्या कायद्याने घेतली, तत्त्व तेच. निवडणुकीतल्या साध्या पत्रकावरसुद्धा मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता नसेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली तो गुन्हा आहे. म्हणजे भोकरदनच्या बसस्थानकावर वाटलेल्या प्रचारपत्रकाला जेवढी ओळख लागते तेवढी मोबाइलवरच्या बातमीला लागत नाही. २०२१ च्या नियमांमुळे संकेतस्थळांच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आले. तक्रार कुणाच्या लिखाणाविरुद्ध करायची ते मात्र कळत नाही. याच मराठवाड्यासाठी १९३८ साली आ. कृ. वाघमाऱ्यांनी सुरू केलेले ‘मराठवाडा’ निजामी बंदीमुळे नावे बदलून काढावे लागे. त्यांच्या नावबदलाला राजसत्तेचा वरवंटा कारण होता. आजच्या ‘ऑनलाइन डेस्क’च्या मागे कोणता निजाम लागला आहे?

हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही, सत्तेचा आहे. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षण आंदोलनावर १ सप्टेंबर २०२३ रोजी लाठीमार झाला. तेव्हापासून ‘जरांगे आक्रमक’, ‘जरांगेंचा सरकारला इशारा’, ‘मोठी घोषणा’ हे मथळे अखंड चालू आहेत. जानेवारी २०२४ मध्ये मोर्चा वाशीला पोचला तेव्हाही तेच, सप्टेंबर २०२५ मध्ये आझाद मैदानावरच्या आंदोलनानंतर कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला तेव्हाही तेच. तारीख काढली तर यातला मथळा कोणत्या वर्षाचा हे सांगता येणार नाही, आणि ‘अद्ययावत’ अशी नवी वेळ चढवून जुन्या पानाची मूळ तारीख मागे ढकलणे ही आता नित्याची गोष्ट आहे. असा मजकूर कुणाच्या सोयीचा? जातीजातींत तणाव असलेल्या जिल्ह्यात २०२३ चा लाठीमार आज सकाळचा म्हणून फिरवणाऱ्याच्या. आपले आश्वासन कधी दिले होते हे लोकांनी विसरावे असे वाटणाऱ्या प्रत्येक मंत्र्याच्या. गंमत अशी की शासनाच्या ‘महासंवाद’वरचे प्रसिद्धिपत्रक आजही ‘मुंबई, दि.’ असेच सुरू होते. तेच पत्रक बातम्यांच्या संकेतस्थळावर बातमी म्हणून अवतरते तेव्हा अनेकदा मजकूर जसाच्या तसा राहतो आणि गळते ते नेमके तेवढेच, म्हणजे हे सरकारने सांगितले आहे याची खूण. पक्षांना मुखपत्रे काढण्याची गरजच उरली नाही. बिननावाची, बिनगावाची, बिनतारखेची पाने त्यांना आयतीच मिळत आहेत.

म्हणून मराठी संकेतस्थळांच्या नव्या मांडणीचे, रंगसंगतीचे, झपाट्याने उघडण्याचे कौतुक मी करणार नाही. मथळ्यात गाव, मजकुरावर मूळ तारीख, शेवटी लिहिणाऱ्याचे नाव: यासाठी ना नवे तंत्रज्ञान लागते ना गुंतवणूक. तरीही ते होत नसेल तर ती अडचण नसून निवड आहे, आणि निवडीचा जाब विचारता येतो. जे संपादक एका ओळीच्या बातमीची जबाबदारी एका माणसाच्या नावावर टाकायला तयार नाहीत, त्यांनी आमदार-खासदारांना उत्तरदायित्वाचे धडे देणे आधी बंद करावे.