‘पोबारा’ शब्दाची सरशी

‘पोबारा करणें’ हा प्रयोग ग्राम्य मानून पंडिती लेखणी त्याच्या जागीं ‘पलायन’ योजते. आमच्या मतें यांत भाषेचें नुकसान आहे. सोंगट्यांच्या खेळांत पौ म्हणजे एक. दोन फाशांवर सहा-सहा व तिसऱ्यावर एक पडला, कीं तें ‘पौबारा’, म्हणजे सरशीचें दान. हिंदींत ‘पौ बारह होना’ म्हणजे आजही दैव उघडणें. मराठीनें मात्र तेंच दान पळणाऱ्याच्या पदरांत टाकलें! ‘धूम ठोकणें’ यांत नुसता वेग आहे, ‘काढता पाय घेणें’ यांत सावधपणा. ‘पोबारा’ म्हणतांच पळणाऱ्याची सरशी व मागें राहिलेल्याची फजिती एकदम डोळ्यांपुढें येते. ‘पलायनां’त ही फजिती कोठें आहे? खेळ मागें पडला. शब्द तरी दवडूं नये.