बरं वाटलं, मॅडम

संभाजीनगरात जालना रोडवरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दर गुरुवारी मी पाऊण तास बोलतो. उठताना मॅडम विचारतात, 'कसं वाटतंय?' मी म्हणतो, 'बरं वाटलं.' पाहुणा जेवून उठताना 'छान झालं होतं' म्हणतो ना, तसंच.

या 'बरं'मुळेच मी अर्विन यालोम आणि जिनी एल्किन यांचं १९७४ सालचं 'एव्हरी डे गेट्स अ लिटल क्लोजर' वाचायला घेतलं. यालोम स्टॅनफर्डमधले मानसोपचारतज्ज्ञ. जिनी (नाव बदललेलं) लेखिका, पण लिहिणं अडलेली. फीऐवजी तिने प्रत्येक सेशननंतर त्याचा वृत्तान्त लिहायचा, यालोमनेही आपला लिहायचा, आणि काही महिन्यांनी एकमेकांचं वाचायचं, असं ठरलं.

तास एकच, हकिकती दोन. यालोम आपण लावलेल्या अर्थांवर खूश. जिनीच्या पानांत त्या अर्थांचा फारसा पत्ताच नाही. तिच्या लक्षात राहतं ते वेगळंच: कपड्यांबद्दलचा एक चांगला शब्द, उशिरा आल्याबद्दल त्याने मागितलेली माफी, तिच्या टवाळीवर त्याचं हसणं. पुढे यालोम स्वतःच हे सांगत राहिला. हॉर्वाथ आणि सायमंड्स यांनी १९९१ मध्ये २४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही तसंच दिसलं. दोघांमधलं नातं कसं आहे याबद्दलचं क्लायंटचं मत उपचाराच्या परिणामाशी थेरपिस्टच्या मतापेक्षा जास्त जुळत होतं.

म्हणजे क्लायंट बरोबर, थेरपिस्ट चूक? मला हे फार गोड वाटतं. जिनी काही निरागस साक्षीदार नाही. आपलं कोण वाचणार आहे हे तिला पक्कं माहीत आहे. ती झकास लिहिते, स्वतःची टर उडवते, आणि मधूनच शंका येते की ही त्याला खूश करतेय. तिची पानं वाचायला मजा येते, म्हणून तीच खरी असं आपण धरून चालतो. यालोमची पानं जड आहेत, मी काही तर चक्क स्क्रोल केली.

आपल्याकडे तर 'समुपदेशन' या शब्दातच उपदेश दडून बसलाय. एक देणार, दुसरा घेणार, आणि घेणाऱ्याने शेवटी पावती फाडायची: बरं वाटलं.

पुस्तक संपल्यावर मी मॅडमना विचारलं, 'एका सेशनपुरतं आपणही लिहून बघू या?' त्या हो म्हणाल्या. मी लिहिलं: बाहेर ट्रकचे हॉर्न चालले होते, मी ओरडून बोलत होतो, तुम्ही उठून खिडकी लावलीत, मग मला वडिलांबद्दल हळू आवाजात बोलता आलं. त्यांच्या कागदावर वडिलांबद्दल त्यांनी विचारलेला एक प्रश्न होता, खाली दोन रेघा मारलेला. तो मला आठवतच नव्हता.

'खिडकी?' त्या म्हणाल्या. 'मी लावली?'

दोघंही हसलो. त्या तासात त्यांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं होतं. ते मी लिहिलं नव्हतं.