‘गूगलवर पहिला नंबर’ : लोकप्रिय उत्तरांची संशोधनाच्या नजरेतून चिकित्सा



पेट, सेट किंवा नेटची तयारी करताना ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ आपण बहुतेक वेळा व्याख्या पाठ करून काढतो. स्वाश्रयी चल, आश्रयी चल, वैधता, विश्वसनीयता, सगळं तोंडपाठ असतं. पण समोर एखादा खराखुरा दावा आला की ही हत्यारं काढायची कशी, ते सुचत नाही. म्हणून आज मुद्दाम पुस्तकाबाहेरचा विषय घेतलाय: ‘वेबसाइट सर्चमध्ये वर कशी आणायची?’ या प्रश्नाला सर्रास मिळणारी उत्तरं.

हाच विषय का? एक तर तुमच्यापैकी अनेकांचे स्वतःचे ब्लॉग आहेत. दुसरं म्हणजे यात लोकांचे पैसे जातात. मी भाईंदर पूर्वेला राहते. इथे स्टीलच्या भांड्यांचे छोटे कारखाने आहेत, गल्लोगल्ली क्लासेस आहेत, लॅब आहेत. ‘महिन्याला इतके द्या, पहिल्या नंबरवर आणतो’ असा फोन यातल्या कुणालाही येऊ शकतो. खुद्द गूगलच्या मार्गदर्शनात लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही. तरी हमी विकली जाते, कारण विकत घेणाऱ्याला दावा तपासायचा कसा हे माहीत नसतं. तर एकेक प्रश्न घेऊ.

१. ‘माझी साइट कितव्या नंबरवर आहे?’

प्रश्न सरळ वाटतो, पण इथेच पहिली गडबड आहे. ‘रँक’ ही वजनकाट्यावरच्या आकड्यासारखी एकच एक संख्या नाही. कोणत्या शब्दांनी शोधलं, कुठून शोधलं, कोणत्या भाषेत, मोबाइलवर की कॉम्प्युटरवर, यावर ती बदलते.

दुकान, क्लास, दवाखाना अशा स्थानिक शोधांबाबत गूगल तीन गोष्टी जाहीरपणे सांगतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि प्रसिद्धी. पैसे देऊन ही स्थानिक क्रमवारी वाढवता येत नाही, हेही सांगतं. आता ‘अंतर’ या शब्दाकडे बघा. नवघर रोडवरच्या दुकानदाराने दुकानातच बसून मोबाइलवर ‘माझ्याजवळचं भांड्यांचं दुकान’ शोधलं, तर त्याचं दुकान वर दिसण्याची शक्यता मुळातच जास्त. तोच शोध गोल्डन नेस्टला किंवा मीरा रोडला जाऊन केला तर क्रम बदलू शकतो. म्हणजे एजन्सीने दुकानात येऊन ‘बघा, पहिले आलात’ असा स्क्रीनशॉट दाखवला, तर त्यात एजन्सीचं काम किती आणि अंतराचा वाटा किती? परीक्षेच्या भाषेत हा कन्फाउंडर: निकालावर परिणाम करणारा, पण हिशेबात न धरलेला तिसरा चल.

सरासरीही फसवते. सर्च कन्सोलमध्ये ‘सरासरी स्थान’ असा आकडा दिसतो. समजा तुमचा ब्लॉग एका शोधासाठी १०० वेळा दिसला आणि दरवेळी ३ऱ्या स्थानावर होता. सरासरी ३. पुढच्या महिन्यात तो शोध तसाच राहिला, पण तुमचा नवा लेख दुसऱ्या एका शोधात १०० वेळा ३०व्या स्थानावर दिसला. सरासरी झाली १६.५. आकडा म्हणतो साइट घसरली, प्रत्यक्षात ती जास्त लोकांना दिसू लागली. म्हणून ‘रँक सुधारली’ असं कुणी म्हटलं की आधी कार्यात्मक व्याख्या मागा: कोणता शोध, कुठून, कधी, किती वेळा मोजला?

२. ‘लेख किमान किती शब्दांचा हवा?’

याचं लोकप्रिय उत्तर असं तयार होतं: वर आलेल्या पानांचे शब्द मोजायचे, सरासरी काढायची आणि तिलाच नियम म्हणायचं. हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नाही. ज्याने विषय नीट समजावलाय त्याचा लेख आपोआप लांब होतो, आणि लोक त्याचा दुवा एकमेकांना देतात. वर येण्याचं कारण समजावणं असेल, तर नुसती लांबी वाढवून हाती काय लागणार? शिवाय नमुना फक्त ‘यशस्वी’ पानांचा आहे. तितकीच लांब असून पन्नासाव्या क्रमांकावर पडलेली पानं मोजलीच नाहीत, तर तुलना कशाशी करणार?

गूगलने २०२४ मध्ये आपली सुरुवातीची मार्गदर्शिका नव्याने लिहिली. तिच्यात ‘यावर वेळ घालवू नका’ अशी यादीच आहे, आणि किमान-कमाल शब्दसंख्या त्या यादीत आहे. मेटा कीवर्ड टॅगही आहे. तो टॅग वेब शोधाच्या क्रमवारीत वापरत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलं होतं. तरी हा सल्ला अजून फिरतोय, कारण एकाचं उत्तर दुसरा उतरवतो आणि मूळ स्रोत कुणी उघडत नाही. थिसिसमधल्या ‘लिटरेचर रिव्ह्यू’चंही असंच होतं, नाही का?

३. ‘लिंक वाढवल्या की रँक वाढते?’

या प्रश्नाचं मूळ सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांच्या १९९८ च्या पेपरमध्ये आहे. तो जरूर वाचा, पण भक्तिभावाने नको, परीक्षकाच्या नजरेने वाचा. कल्पना जबरदस्त आहे: एखाद्या पानाचं महत्त्व त्याच्याकडे येणाऱ्या लिंकांवरून ठरवायचं, आणि लिंक देणाऱ्या पानाचं महत्त्वही त्यात धरायचं. पण दोन गोष्टी टिपून ठेवा.

पहिली, पेपरमध्ये म्हटलंय की सगळ्या पानांच्या पेजरँकची बेरीज १ येते. तिथेच दिलेलं सूत्र घेऊन बेरीज केली, तर ती १ येत नाही. प्रत्येक पानावरून कुठे ना कुठे लिंक जाते असं धरलं, तर ती पानांच्या एकूण संख्येइतकी येते. बेरीज १ हवी असेल तर सूत्रातल्या पहिल्या पदाला पानांच्या संख्येने भागावं लागतं. कागद-पेन घेऊन तीन पानांचं उदाहरण सोडवा, अर्धा तास पुरेल. जगप्रसिद्ध पेपरमध्येही विधान आणि सूत्र जुळत नाही असं होऊ शकतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपले निकाल स्पर्धकांपेक्षा चांगले आहेत असं लेखक म्हणतात, पण पुरावा म्हणून स्वतःचा अनुभव आणि ‘बिल क्लिंटन’ या एकाच शोधाचं उदाहरण देतात. वापरकर्त्यांकडून संपूर्ण मूल्यमापन या पेपरच्या कक्षेबाहेर आहे, असं तेच प्रामाणिकपणे नोंदवतात. पुढे गूगल यशस्वी झालं म्हणून तो पेपर त्या वेळी ‘सिद्ध’ होता असं होत नाही. कल्पनेची ताकद वेगळी, पुराव्याची ताकद वेगळी.

आणि लिंक हे मोजमाप आहे हे कळल्यावर काय झालं? लिंकांचा बाजार सुरू झाला. एप्रिल २०१२ मध्ये गूगलला अशा कृत्रिम लिंकांविरुद्ध ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणावा लागला. मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप उरत नाही. याला गुडहार्टचा नियम म्हणतात. शोधनिबंधांची संख्या आणि सायटेशन मोजणाऱ्या आपल्या क्षेत्राला तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

४. ‘जास्त क्लिक आले तर साइट वर जाते का?’

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण इथे बाण दोन्ही दिशांनी जातो. वर असलेल्या पानाला क्लिक जास्त मिळतात, हे तर उघडच आहे. मग क्लिकमुळे वर गेलं की वर होतं म्हणून क्लिक मिळाले?

थॉर्स्टन योआखिम्स आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातला एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागींच्या डोळ्यांची हालचाल टिपली. काहींना निकाल नेहमीच्या क्रमाने दाखवले, काहींना पहिले दोन अदलाबदल करून, आणि काहींना पहिले दहा चक्क उलट्या क्रमाने. कुणालाही हे सांगितलेलं नव्हतं. क्रम बदलला तरी वरच्या जागांकडे कल राहिला, म्हणजे लोक जागेवर विश्वास ठेवतात. पण निकालाच्या दर्जाचाही परिणाम दिसला, म्हणजे ते अगदी आंधळेपणाने क्लिक करत नाहीत. स्वाश्रयी चल स्वतःच्या हाताने बदलणं म्हणजे काय, याचं हे पुस्तकी उदाहरण.

आता स्रोतांचा मुद्दा. क्लिक थेट रँकिंगसाठी वापरत नाही, असं गूगलचे प्रतिनिधी वर्षानुवर्षं सांगत आले. मग अमेरिकी सरकारने गूगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात, ऑक्टोबर २०२३ मध्ये, सर्चचे उपाध्यक्ष पांडू नायक यांच्या साक्षीत ‘नॅव्हबूस्ट’ या यंत्रणेचा तपशील आला. ती वापरकर्त्यांच्या क्लिकवरून शिकते. धडा असा: अधिकृत स्रोत म्हणजे अंतिम सत्य नव्हे. ज्याचं हित गुंतलंय त्याचं म्हणणं पुरावा म्हणून घ्या, पण वजन बघून. आणि उलट टोकालाही जाऊ नका. क्लिक वापरले जातात याचा अर्थ मित्रांना सांगून पन्नास क्लिक करवले की साइट वर जाईल, असा होत नाही. तो वेगळा दावा आहे, त्याला वेगळा पुरावा लागेल.

५. ‘मराठी साइटलाही हेच नियम?’

बहुतेक प्रश्नोत्तरं इंग्रजी पानांवर आधारलेली असतात आणि आपण ती जशीच्या तशी उचलतो. ‘कीवर्ड शीर्षकात हुबेहूब ठेवा’ हा सल्ला घ्या. इंग्रजीत गावाचं नाव बदलत नाही. मराठीत ते भाईंदरला, भाईंदरमध्ये, भाईंदरच्या, भाईंदरहून असं होतं. त्यात भर म्हणजे कुणी ‘भाईंदर’ लिहितं, कुणी ‘भायंदर’. रोमन लिपीत शेवटी ‘डीएआर’ लिहिणारे आहेत आणि ‘डीईआर’ लिहिणारेही. पुढे कुणी ‘पूर्व’ लावतं, कुणी ‘ईस्ट’. एकाच जागेसाठी किती रूपं झाली, मोजून बघा!

हा फक्त तक्रारीचा विषय नाही, अभ्यासाचा आहे. भारतीय भाषांमधल्या शोधासाठी ‘फायर’ या मंचाने २००८ मध्ये हिंदी, बंगाली आणि मराठीचे चाचणी-संच तयार केले. त्यांवर स्वित्झर्लंडच्या न्यूशाटेल विद्यापीठातल्या दोलामिक आणि सावॉय यांनी २०१० मध्ये तुलना प्रसिद्ध केली. प्रत्यय काढून मूळ शब्दावर शोध घेतला, तर काहीच न करण्याच्या तुलनेत सुधारणा हिंदीत सुमारे २८ टक्के, बंगालीत सुमारे १८ टक्के आणि मराठीत सुमारे ४२ टक्के आली. तिन्हींत सर्वांत जास्त मराठीत, म्हणजे शब्दरूपांचा प्रश्न आपल्याकडे जास्त भारी आहे.

याची मर्यादाही लक्षात घ्या: तो संच बातम्यांचा होता, प्रयोग प्रयोगशाळेतल्या शोधयंत्रावर होता. यावरून आजच्या गूगलबद्दल थेट निष्कर्ष काढू नका. पण इंग्रजीतला नियम मराठीला लावण्याआधी तो मराठीत तपासावा लागतो, एवढं नक्की निघतं. ज्यांना संशोधनाचा विषय सापडत नाहीये, त्यांनी इथे थांबून विचार करावा.

मग चांगला अभ्यास कसा दिसतो?

एक नमुना देते. यानेक बेवेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये ‘गूगल बिघडतंय का?’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा पेपर मांडला. वस्तूंच्या परीक्षणांबद्दलचे ७,३९२ शोध, जवळजवळ वर्षभर, गूगल, बिंग आणि डकडकगो या तिन्हींवर. वर आलेली पानं सरासरीने जास्त ‘ऑप्टिमाइझ’ केलेली, विक्रीच्या कमिशनवर जास्त अवलंबून, आणि मजकुराच्या दर्जाची चिन्हं कमी असलेली आढळली. शोध आधी ठरवले, तुलनेला इतर यंत्रं घेतली, पुन्हा पुन्हा मोजलं: दाद द्यायला हवी. तरी बातम्यांमध्ये त्याचं ‘संशोधनाने सिद्ध: गूगल बिघडलं’ असं रूप झालं. अभ्यास फक्त वस्तू-परीक्षणांचा होता. कवितेचा अर्थ किंवा ट्रेनचं वेळापत्रक शोधणाऱ्याबद्दल तो काही म्हणत नाही. शिवाय ‘मजकुराचा दर्जा’ इथे मोजता येणाऱ्या चिन्हांवरून ठरवलाय, आणि चिन्ह म्हणजे दर्जा नव्हे.

रँकिंगचा सल्ला असो की गाइडने दिलेला पेपर, चार प्रश्न विचारायची सवय लावा. काय मोजलं आणि कसं? तुलना कशाशी केली? दुसरं कोणतं कारण असू शकतं? आणि जिथे मोजलं त्याच्या बाहेर हे किती लागू पडतं?

तुमच्या ब्लॉगवर हे करून बघायचं असेल तर सोपं आहे. सारख्या विषयांचे दहा लेख घ्या, चिठ्ठ्या टाकून पाच निवडा, फक्त त्यांची शीर्षकं बदला, उरलेले पाच तसेच ठेवा. कोणत्या शोधांवर निकाल मोजणार, ते बदलाआधी वहीत लिहून ठेवा. बदल दिसायला काही तासांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो असं गूगल सांगतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी निकाल जाहीर करू नका. दहा लेखांवरून मोठा निष्कर्ष निघणार नाही. पण ‘पहिल्या नंबरवर आणतो’ असा फोन आला की समोरच्याला काय विचारायचं, ते तुम्हाला नक्की कळलेलं असेल.

शंका असतील तर विचारा. पेजरँकच्या बेरजेचं गणित सोडवलंत तर उत्तर जरूर कळवा.