खेळ संपू द्या

डाउनलोड न करता ब्राउझरमध्ये फुकट खेळता येणाऱ्या मुलांच्या गेम्समध्ये एक बटण आता पक्कं रुजलं आहे. उडी चुकते, पात्र खड्ड्यात पडतं आणि दोन पर्याय समोर येतात : पहिल्यापासून सुरू करा, नाहीतर जाहिरात पाहा आणि पडलात तिथूनच उठा. दुसरं बटण मोठं, रंगीत, हलतं. पहिलं फिकट, कोपऱ्यातलं, कधी कधी तर दोन-तीन सेकंद उशिरा उगवणारं. मला या बटणाचा संताप येतो. नुसती जाहिरात असती तर एवढा आला नसता. जाहिराती क्रिकेटच्या दोन षटकांमध्येही असतात. पण जाहिरात लागावी म्हणून गोलंदाजाला नो-बॉल टाकायला कुणी सांगत नाही. इथे ते सांगितलं जातं. खड्डा कुठे खणायचा हे जाहिरात ठरवते. चौथ्या लेव्हलपर्यंत सरळ असलेली वाट पाचव्या लेव्हलला अकारण अरुंद होते, आणि त्या अरुंदपणातून मुलाच्या हाती नवं काही लागत नाही. लागतं ते फक्त बटण.

ब्राउझरमधले असे गेम्स एकेकाळी ज्यावर चालत त्या फ्लॅशच्या आठवणींनी गहिवरणारं लिखाण भरपूर झालं आहे, त्यात मी भर घालत नाही. ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीनं हात काढून घेतला, १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअरनं फाइली उघडणंच थांबवलं आणि ‘फ्लॅशपॉइंट’ व ‘रफल’वाल्यांनी जमेल तेवढं वाचवलं. मला बोलायचं आहे ते त्या पडझडीच्या आधी आणि नंतर टिकून राहिलेल्या, ब्राउझरमधले गेम्स घडवण्याच्या कलेबद्दल. तिला मी कलाच मानतो, आणि नाटक-चित्रपटांना लावतो तीच कसोटी तिलाही लावावी असं माझं म्हणणं आहे.

त्या कसोटीवर बरंच काही एका वाक्यात बाजूला पडतं. २०१५ च्या ‘अगार.आयओ’मध्ये एक कल्पना होती. तिच्या मागून आलेल्या रांगेत नुसतं गिळणं उरलं. बाहुलीला कपडे चढवण्याचे आणि केक सजवण्याचे गेम्स वर्षानुवर्षं तसूभर हललेले नाहीत. सात आठे छप्पन्न म्हटलं की राक्षस मरतो अशा ‘शैक्षणिक’ गेममध्ये राक्षसाचा पाढ्याशी काडीचा संबंध नसतो, त्यामुळे तो धड खेळ होत नाही आणि धड गणितही. गूगलच्या डूडल गेम्समध्ये अधूनमधून खरं कसब दिसतं, विशेषतः २०२१ च्या ‘चॅम्पियन आयलंड’मध्ये, पण तो सणासुदीचा पाहुणचार आहे, त्यावर परंपरा उभी राहत नाही.

परंपरा उभी राहिली ती एकट्यादुकट्यानं केलेल्या छोट्या कामांवर. याकुब द्वोर्स्कीनं प्रागमध्ये कलेचं शिक्षण घेत असताना केलेला ‘सामोरोस्त’ घ्या. साल २००३. पांढऱ्या कपड्यांतला एक चिमुकला बुटका, शेवाळ आणि मुळांच्या छायाचित्रांतून उभारलेला त्याचा लघुग्रह आणि त्यावर आदळायला निघालेला दुसरा लघुग्रह. संवाद नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. कुठे क्लिक करायचं हे सांगणारा बाण नाही, म्हणून मुलाला चित्र न्याहाळावं लागतं; आणि चित्र न्याहाळणं हाच तो खेळ आहे. एका बैठकीत संपतो. २०२१ मध्ये त्याची डागडुजी करून तो पुन्हा फुकटच दिला गेला.

फेरी हलीम यांच्या ‘ओरिसिनल’वरचा ‘विंटरबेल्स’ याहून साधा : पांढरा ससा वरून येणाऱ्या घंटांवर उड्या मारत वर वर जातो, मध्येच पक्ष्याला पाय लागला तर गुण दुप्पट होतात. चुकला की खाली येतो आणि खेळ संपतो. त्या पडण्यात अपमान नाही, कुणी लाल अक्षरांत ओरडत नाही. इतकं हळुवार हरणं मुलांच्या गेम्समध्ये मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे. आणि ‘ऑन’ हे नाव घेऊन काम करणाऱ्या जपानी कलावंताचा ‘ग्रो’! वस्तू एकेक करून गोलावर ठेवायच्या, इतकंच. पण प्रत्येक वस्तू आधी ठेवलेल्या वस्तूंना वाढवते किंवा अडवते, आणि सगळं पूर्ण वाढवणारा क्रम एकच. मूल दहा वेळा हरतं आणि दहाही वेळा काहीतरी निराळं उगवताना पाहतं.

‘ग्रो’च्या शेजारी २०२४ चा गाजलेला ‘इन्फिनिट क्राफ्ट’ ठेवून पाहावा. पाणी, आग, वारा, माती यांच्या जोड्या जुळवा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता प्रत्येक जोडीतून नवी वस्तू देईल. पहिली काही मिनिटं चकित करतात. नंतर कळतं की कोणतीही जोडी चुकत नाही. जिथे काहीच चुकत नाही तिथे शोधही लागत नाही. ‘ग्रो’मध्ये प्रत्येक जोडीमागे एका माणसानं केलेला विचार आहे आणि मूल त्या माणसाशी बुद्धिबळ खेळत असतं. ‘इन्फिनिट क्राफ्ट’मध्ये समोर कुणी बसलेलंच नाही.

सध्याच्या कामांत मला सर्वात जिवंत वाटतं ते ‘जेएस१३के’ या वार्षिक स्पर्धेतलं. पोलंडच्या आंद्झेय माझुरनं ती २०१२ मध्ये सुरू केली. १३ ऑगस्टला विषय जाहीर होतो, १३ सप्टेंबरपर्यंत गेम द्यायचा, आणि चित्रं, आवाज, नियम असं सगळं मिळून झिप केलेली फाइल १३ किलोबाइटांत बसली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा साधा फोटो याच्या कितीतरी पट जड असतो. २०२४ चा विषय होता तेराच्या आकड्याची भीती, २०२५ चा काळी मांजर. मर्यादा इतकी कडक की चित्र साठवायला जागा नाही, ते सूत्रानं काढावं लागतं. संगीताची फाइल मावत नाही, स्वर जागच्या जागी घडवावे लागतात. फालतू काही ठेवायला वावच नसतो. सगळेच गेम्स चांगले असतात असं नाही, पुष्कळ कच्चे असतात. पण प्रत्येकावर करणाऱ्याचं नाव असतं आणि त्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो. विनाडाउनलोड असणं ही एक शिस्त आहे, हे इथे दिसतं. फुकट गेम्सच्या पोर्टलांवर तीच गोष्ट दुकानाचं उघडं दार होऊन बसली आहे.

आणि एक काम, ज्यावर मराठीत लिहिलं जायला हवं होतं : व्ही हार्ट आणि निकी केस यांचं ‘पॅरेबल ऑफ द पॉलिगॉन्स’, डिसेंबर २०१४. पिवळे त्रिकोण आणि निळे चौकोन एका पटावर राहतात. कुणीही दुष्ट नाही. प्रत्येकाची अट एवढीच की शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखे असावेत. नसले तर तो नाराज होतो आणि मूल त्याला उचलून दुसरीकडे ठेवतं. सगळे खूश होईपर्यंत उचलत राहायचं. सगळे खूश झाल्यावर पटाकडे पाहिलं की पोटात गोळा येतो. त्रिकोणांची वस्ती वेगळी, चौकोनांची वेगळी, आणि ती मुलानं स्वतःच्या बोटांनी केलेली असते. यामागे थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाचं प्रारूप आहे, पण त्याचं नाव ऐकण्याआधीच मुलाला ते कळून चुकलेलं असतं. पुढे आणखी एक अट येते : सगळेच शेजारी आपल्यासारखे असले तरी नाराज व्हायचं. तेवढ्यानं त्या वस्त्या विरघळू लागतात. भाड्यानं घर देताना आडनाव विचारणाऱ्या आपल्या शहरांतल्या मुलांना हे खेळायला मिळायला नको का? त्याचा कोड लेखकांनी सर्वांसाठी खुला सोडला आहे. मराठी करायला कुणाची परवानगी लागत नाही.

या सगळ्या कामांना शेवट आहे, किंवा निदान थांबायची जागा आहे. गाब्रिएले चिरुल्लीच्या ‘२०४८’मध्येही (मार्च २०१४) त्या आकड्याची चौकट जुळली की जिंकलात असं सांगून गेम थांबतो आणि पुढे खेळायचं का ते विचारतो. विचारतो, हे महत्त्वाचं. आजच्या पोर्टलांवर मुलांपुढे मांडलेले बहुतेक गेम्स विचारत नाहीत. आकडा वाढत राहतो, नाणी साचत राहतात, टॅब बंद असतानाही साचतात आणि परत आल्यावर किती साचली ते दाखवतात. २०१३ च्या ‘कुकी क्लिकर’मध्ये साठवण्याच्या या वेडाकडे पाहणारी तिरकी नजर तरी होती. त्याच्या नकलांनी नजर टाकून दिली, वेड तेवढं ठेवलं. शेवट नसलेल्या गोष्टीला मध्य नसतो आणि चढही नसतो. नाटककाराला पडदा पाडता येत नसेल तर आपण त्याला नाटककार म्हणत नाही. मग इथे का म्हणतो?

यावर उत्तर ठरलेलं असतं : फुकट आहे, तक्रार कसली? फुकट आहे म्हणूनच तक्रार आहे. ज्या घरात कन्सोल आहे तिथलं मूल विकत घेतलेला, जाहिरात नसलेला, नीट संपणारा गेम खेळतं. ब्राउझरमध्ये खेळतं ते आईच्या फोनमध्ये नवं काही टाकायला जागा नसलेलं मूल, आणि संगणकावर काहीही इन्स्टॉल करायची परवानगी नसलेल्या शाळेच्या लॅबमधलं मूल. सर्वात वाईट रचना त्याच्या वाट्याला येते, आणि गेमपेक्षा जड जाहिराती त्याच्या घरच्या डेटा पॅकमधून उतरतात. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांचा माग काढायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. चांगलं झालं. पण तो कायदा पाचव्या लेव्हलचा खड्डा बुजवणार नाही. माग न काढताही तो खणता येतो.

खड्डा न खणता गेम्स करता येतात हे सार्वजनिक पैशानं दाखवून दिलं आहे. ब्रिटनचं सीबीबीज आणि अमेरिकेचं पीबीएस किड्स वर्षानुवर्षं जाहिरातीविना, ब्राउझरमध्येच, लहान मुलांसाठी गेम्स देत आले. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं सार्वजनिक प्रसारणासाठी मंजूर झालेले सुमारे १.१ अब्ज डॉलर परत घेतले, तेव्हा त्या व्यवस्थेचा पायाच खचला. याचं मला दुःख आहे. पण आपल्याकडे खचायला पाया तरी कुठे आहे?

असायला हवा होता. बालभारतीनं १९७१ मध्ये ‘किशोर’ काढला तेव्हा मुलांचं मासिक बाजारावर सोडून द्यावं असं कुणी म्हटलं नाही. चांगले लेखक, चांगले चित्रकार बोलावले, त्यांची नावं छापली, किंमत कमी ठेवली. त्याच बालभारतीनं वर्षाला चार गेम्स काढायला काय हरकत आहे? कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातल्या विज्ञानाच्या प्रतिकृती मराठीत उपलब्ध आहेत. बॅटरी, तार आणि दिवा जोडून पाहायची त्यातली मांडणी मुलाच्या हाती दिली की ते तिला खेळच समजतं. म्हणजे भाषेची अडचण नाही, ब्राउझरची नाही, आणि १३ किलोबाइटांत गेम बसतो म्हटल्यावर पैशाची तर नाहीच नाही. एक चित्रकार, एक प्रोग्रामर, एक लेखक आणि एका शाळेची संगणक लॅब. अटी कडक ठेवाव्यात : करणाऱ्याचं नाव पहिल्याच स्क्रीनवर, कोड खुला, एकदा उघडल्यावर नेट गेलं तरी चालणारा, आणि शेवट असलेला.

मुलांना पोर्टलांवरचे तेच गेम्स आवडतात, हा शेवटचा बचाव मी ऐकून घ्यायला तयार नाही. जे समोर ठेवलं त्यातून मुलं निवडतात. ‘ग्रो’ आणि नाणी मोजणारा गेम एकाच भिंतीवर, सारख्याच आकाराच्या चौकटींत, जाहिरातीच्या उत्पन्नानुसार वर-खाली न करता लावून पाहा, आणि मग मला मुलांची आवड सांगा. तोवर जी सांगितली जाते ती पोर्टलवाल्यांची आवड आहे.