रुपयाचा प्रश्न आणि आपले वक्ते

१४ एप्रिलला आपले वक्ते स्टेजवरून ठोकतात : बाबासाहेबांच्या पुस्तकावरून रिझर्व्ह बँक झाली. टाळ्या पडतात. पुस्तकात काय आहे ते कुणी सांगत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा आणखी एक निघालं. दर दहा वर्षांनी चलन बदला, असं त्यांनी लिहिलंय म्हणे. मी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' मांडीवर डिक्शनरी घेऊन, रातपाळी नसेल त्या रात्री, चार महिने वाचलं. ते वाक्य मला कुठं भेटलं नाही. भेटलं ते आपल्या पगाराबद्दल होतं.

पुस्तक १९२३ चं, लंडनला छापलेलं. प्रस्तावना प्रा. एडविन कॅननची, आणि त्यात तो सरळ सांगतो की मला सगळं पटलेलं नाही. (आपल्याकडं प्रस्तावना म्हणजे पाठ खाजवणं.)

हकीकत अशी. १८३५ साली कंपनी सरकारनं १८० ग्रेनचा रुपया ठरवला, त्यात १६५ ग्रेन निव्वळ चांदी. कुणीही चांदी न्यावी, टांकसाळीतून रुपये पाडून घ्यावेत. १८७१ नंतर जर्मनी आणि मागोमाग बाकीचा युरोप सोन्याकडं वळला, चांदी घसरली. दोन शिलिंगांच्या आसपासचा रुपया १८९२-९३ ला सव्वा शिलिंगावर आला. सरकारचा सारा रुपयात, लंडनचं देणं सोन्यात. मग १८९३ ला टांकसाळी लोकांना बंद. त्याच साली युरोपियन अधिकाऱ्यांना रुपया पडला म्हणून भरपाई भत्ता सुरू झाला. शेतमजुराला कोण विचारतो?

पुढं रुपया १ शिलिंग ४ पेन्सला बांधला. आता नाण्यातली चांदी त्याच्या किमतीपेक्षा कमी, आणि पाडणारं एकटं सरकार. या व्यवस्थेचं केन्सनं १९१३ ला कौतुक केलं. बाबासाहेब त्यालाच भिडतात. लंडनमध्ये रुपयाला किती पेन्स येतात ते काय मोजता, इथं त्या रुपयात धान्य-कापड किती येतं ते मोजा. सरकार मन मानेल तेवढे रुपये पाडणार, भाव चढणार. म्हणून रुपया पाडणं कायमचं बंद करा, सोन्याचं नाणं आणा.

रुपया पडला की निर्यातदार खूश. बाबासाहेब दाखवतात की हा देशाचा नफाच नव्हे. भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते. मधल्या काळात मजुराच्या खिशातलं मालकाच्या खिशात जातं. न सांगता केलेली पगारकपातच ही! १९१९ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांतले लाखावर कामगार महागाईपायी संपावर गेले, त्यांना हे पुस्तकाआधीच कळलं होतं. १९२५ ला हिल्टन यंग कमिशनपुढंही बाबासाहेबांनी रुपया पाडण्यात कमावत्यांचं नुकसान आणि धंदेवाल्यांचा फायदा दाखवला. मुंबईचे शेठ १६ पेन्सचा रुपया देशाच्या नावानं मागत होते. देशाच्या आडचा मालक बाबासाहेबांनी ओळखला. सरकारनं १९२७ ला १८ पेन्स केले, ते त्याच्या सोयीसाठी.

आता माझी तक्रार. सोन्याचं औषध टिकलं नाही. १९३१ ला खुद्द इंग्लंडनं सोनं सोडलं. हे म्हणायला आपण का घाबरतो? ते केन्सला घाबरले नव्हते.

दुसरी तक्रार जास्त जवळची. या पुस्तकात मजूर आहे, पण ज्याच्या हातात रुपयाच पडत नव्हता, शिळ्या भाकरीवर आणि बलुत्यावर ज्याचा हिशेब होत होता, तो माझा पणजा मला त्यात दिसला नाही. त्याला कुठला विनिमय दर? पेंढीतून चार कणसं कमी दिली तर ते अवमूल्यन कुठल्या कमिशनपुढं न्यायचं? हा प्रश्न बाबासाहेबांनी पुढं १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल मांडून घेतला. ही दोन्ही कामं शेजारी ठेवून कुणी लिहायला पाहिजे. आमच्यातल्या एम.ए. वाल्यांना चार वेळा सांगून झालं.

शासनाच्या सहाव्या खंडात (१९८९) हे पुस्तक आहे. तिसरं प्रकरण आधी वाचा. माझी प्रत पेन्सिलीच्या खुणांनी भरलीय, ती पावसाळ्यानंतर मिळेल.