‘हसबारा’ म्हणजे प्रपोगंडा? व्याख्या लिहिण्याआधी थोडं थांबा

परक्या भाषेतला शब्द आला की आपण त्याला एक प्रतिशब्द चिकटवतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं. इस्रायलविषयीच्या सोशल मीडिया पोस्टचं वर्गीकरण करताना मसुद्यात लिहिलं, ‘हसबारा म्हणजे प्रपोगंडा’. मार्गदर्शकांनी त्या ओळीला गोल करून बाजूला एवढंच लिहिलं, ‘हे शोधायचंय की आधीच ठरलंय?’

आधी शब्द बघू. हिब्रूत ‘लेहसबीर’ म्हणजे समजावून सांगणे. शिक्षक गणित समजावतात तेव्हाही हेच क्रियापद वापरतात. ‘हसबारा’ हे त्याचंच नाम. आरोग्याविषयीच्या माहितीपत्रकालाही हा शब्द चालतो. राजकारणात मात्र त्याचा अर्थ होतो इस्रायलची बाजू जगापुढे मांडणे. १९७४ मध्ये तिथे हसबारा मंत्रालय निघालं आणि वर्षभरातच बंद झालं. २००९ मध्ये पुन्हा निघालेल्या मंत्रालयाच्या हिब्रू नावात ‘हसबारा’ होतं, इंग्रजी नावात मात्र ‘पब्लिक डिप्लोमसी’. म्हणजे खातं एकच, पण ऐकणारा बदलला की शब्दही बदलला.

मग ‘स्पष्टीकरण’ हा भोळा अर्थ घ्यायचा का? तोही पुरत नाही. समजावून सांगणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते: आपलं बरोबरच आहे, समोरच्याला फक्त कळलेलं नाही. धोरणच चुकलं असेल, ही शक्यता त्या शब्दात बसत नाही. ही टीका खुद्द इस्रायलमध्येही होते.

आणि प्रपोगंडासाठी हिब्रूत वेगळा शब्द आहेच, ‘तआमुला’. गंमत म्हणजे नाझींच्या प्रपोगंडालाही तोच शब्द आणि १९५९ च्या निवडणूक प्रचाराच्या कायद्याच्या नावातही तोच! आपल्या ‘प्रचार’सारखंच आहे हे. उमेदवार प्रचार करतो तेव्हा कोणी दचकत नाही, पण ‘हा सगळा प्रचार आहे’ म्हटलं की तो आरोप होतो. म्हणजे शब्दकोशातली एक जोडी लावून प्रश्न सुटत नाही.

माझ्या कामात नेमकं काय बिघडलं होतं? ‘हसबारा’ हा शब्द असलेली प्रत्येक पोस्ट मी ‘प्रपोगंडा’ या गटात टाकत होते. त्यात समर्थक होते, टीकाकार होते आणि नुसते बातमी देणारेही होते. शेवटी ‘प्रपोगंडाचं प्रमाण मोठं आहे’ असा निष्कर्ष आला असता. तो निष्कर्ष कसला, माझीच व्याख्या फिरून परत आली असती. प्रयोगशाळेत वजनकाटा शून्यावर न आणता वजन घेतलं तर काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता मी मूळ शब्द तसाच ठेवते आणि तीन गोष्टी नोंदवते: कोण वापरतंय, कोणाविषयी आणि कोणासमोर. प्रपोगंडा आहे की नाही, ते खोटेपणा, लपवाछपवी अशा वेगळ्या निकषांवर तपासते. काम तिप्पट वाढलंय. पण उत्तर काहीही आलं तरी आता ते डेटातून येईल.

तुमच्या सिनॉप्सिसमधला असा एक शब्द आज काढून बघा. व्याख्येतच निकाल दडलेला नाही ना?