टोपलीभर मातीचे मोल

जबलपुरात राहावयास आलेल्या मराठी वाचकाची एका शब्दाने हटकून फसगत होते. तो शब्द म्हणजे ‘लघुकथा’. मराठीत लघुकथा म्हटली की दहा-पंधरा पानांची गोष्ट डोळ्यांपुढे येते. हिंदीत त्याच शब्दाने पान-अर्ध्या पानात आटोपणारी गोष्ट ओळखली जाते. हा भेद केवळ नावाचा नव्हे. ज्या प्रकाराला स्वतःचे नाव मिळाले त्याला मासिकात स्वतःची जागा मागता येते, आणि जागा मिळाली की मोबदल्याचाही प्रश्न विचारता येतो. मराठीत ‘लघुतम कथा’ हे नाव आहे, खांडेकरांच्या रूपककथांची परंपराही आहे. परंतु अशी गोष्ट पुष्कळदा मोठ्या कथेखाली उरलेली जागा भरण्याच्या कामी येते. जागा भरणाऱ्यास मानधन कसले, असा मग समज होतो.

हिंदीतील या प्रकाराच्या मूळपुरुषांत ज्यांची गणना होते, ते माधवराव सप्रे (१८७१–१९२६) घरचे मराठीच. जन्म दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे तेच. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही गोष्ट १९०१ साली ‘छत्तीसगढ मित्र’ या त्यांच्याच मासिकात आली. जमीनदार एका विधवेची झोपडी बळकावतो. नातीसाठी चूल घालावयास ती तिथली टोपलीभर माती मागते आणि टोपली उचलण्यास त्यालाच हात लावावयास सांगते. ती त्याला उचलत नाही. मग साऱ्या जमिनीचा भार जन्मभर कसा वाहणार, हा तिचा प्रश्न. सारी कथा या एका वजनावर तोललेली आहे. शेवटी जमीनदाराला होणारा पश्चात्ताप मात्र लेखकाने घाईने सांगून टाकला आहे. प्रश्नापाशीच थांबते तर गोष्ट अधिक बळकट झाली असती, असे आम्हांस वाटते. तथापि आज सव्वाशे वर्षांनीही ती वाचली जाते. ती छापणारे मासिक मात्र पैशाअभावी १९०२ अखेर बंद पडले. येथे लेखक आणि संपादक एकच, म्हणजे मानधन देणाराही तोच आणि बुडवणाराही तोच!

मोबदल्याची अडचण मुळात मोजमापाची आहे. पानाला किंवा ओळीला भाव ठरला की जो पाल्हाळ लावील तो अधिक मिळवतो, आणि चार वेळा कापून वाक्य घट्ट करणाऱ्यास त्याच्या श्रमाचा दंड बसतो. चेकॉव्ह तरुणपणी ‘ओस्कोल्की’ या विनोदी साप्ताहिकात लिहीत असे, तेव्हा त्याला ओळीमागे आठ कोपेक मिळत. वर सुमारे शंभर ओळींची मर्यादा. त्या मर्यादेने त्याची लेखणी तासली गेली हे खरे. परंतु घर चालविण्यासाठी त्याला अशा गोष्टी शेकड्यांनी लिहाव्या लागल्या, हेही तितकेच खरे.

जबलपुरात हरिशंकर परसाईंनी याला एक वाट काढलेली दिसते. आरंभीचे लेखन ‘प्रहरी’ साप्ताहिकात करणाऱ्या परसाईंनी पुढे नोकरी सोडून लेखणीवर निर्वाह करण्याचे ठरविले. १९५६ साली त्यांनी काढलेली ‘वसुधा’ तोट्यामुळे १९५८ मध्ये थांबली. त्यांना आधार दिला तो वृत्तपत्रांतील सदरांनी. सुटी चिमुकली गोष्ट विकावयास नेली की तिचा भाव आकारावर ठरतो. तीच दर आठवड्याच्या सदरात आली की भाव नियमितपणाचा आणि लेखकाच्या दृष्टीचा ठरतो. मात्र सदराची म्हणून एक किंमत असते. अंक अडला म्हणून लिहिलेल्या मजकुरात चुटका आणि कथा यांची सरमिसळ सहज होते. चुटका शेवटच्या ओळीत संपतो. कथा तिथून वाचकाच्या मनात सुरू होते. ही कसोटी लेखकानेच लावली पाहिजे, कारण संपादकाला पान भरावयाचे असते.

आमच्या वाचकांत सरकारी अधिकारी पुष्कळ आहेत. फिरतीच्या नोकरीत कादंबरीस सवड कुठली? पानभर गोष्ट मात्र साधते. केंद्रीय सेवेच्या १९६४ च्या आचरण नियमांनीही, कामात कसूर होत नसेल तर प्रासंगिक साहित्यलेखनास मोकळीक ठेवली आहे. तेव्हा त्यांनी गोष्टी एकेक न धाडता सात-आठ एका सूत्राच्या करून, दिवाळी अंकांची आखणी होण्यापूर्वीच, संपादकाकडे द्याव्यात. मानधनाची विचारणा आधी करावी. त्यात कमीपणा नाही.

आणि संपादकांनी, यात आम्हीही आलो, पानाचा हिशेब सोडून प्रत्येक कथेला एक ठरीव रक्कम द्यावी. ती अल्प असली तरी चालेल. परंतु अंकात ती जाहीर असावी. टोपली लहान म्हणून माती हलकी असते, हा समज सप्र्यांच्या जमीनदाराचाही होता.